बेचाळिसावा हरकाम्या

४ मार्च

चि. ठकूस,

आशीर्वाद पाठवतोय, घ्यायचे की नाही ते तू ठरव. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पाकिटाच्या झाकणावर माझी आडवी सही आहे आणि तिच्यावर चिकटपट्टी. सही तुटलेली दिसली तर वाटेत कोणीतरी उघडलंय असं समज आणि मला लगेच कळव. तुझ्या नणंदेवर माझा संशय आहे असं नाही. पण आठ माणसांच्या घरात पाकीट आधी कोणाच्या हाती पडतं, ते इथे बसून मला काय कळणार?

तुला नणंदेकडे जाऊन आज बारा दिवस झाले. दाराशी उभी राहून तू मला तीन गोष्टी सुनावल्यास. तुझी पाठ वळताच मी त्या डायरीत लिहून ठेवल्या, म्हणजे पुढे कोणी शब्द फिरवायला नको. एक, मी माणूस नाही, शिक्का आहे. दोन, जावयाची नोकरी गेली तर तू या घराचा उंबरा पुन्हा चढणार नाहीस. तीन, माझ्या पट्ट्यावरच्या हत्याराचा, त्या हरकाम्याचा, दात एकोणीस वर्षांपूर्वी तू मोडला होतास, सायकलची चेन बसवताना, आणि मी सहा महिने उगाच तुझ्या आईवर धुसफुसत होतो.

खरं सांगू? पहिल्या दोन गोष्टी मी गिळल्या. तिसरी घशाखाली उतरत नाहीये. नऊ वर्षांची पोर दात मोडते, हत्यार पुसून परत पट्ट्याला लावते आणि एकोणीस वर्षं ब्र काढत नाही! अशी मुलगी नवऱ्याचं काय काय पोटात ठेवून बसली असेल?

तू नणंदेला माझ्याबद्दल काय सांगितलं असशील ते मला इथे ऐकू येतंय. म्हणून सगळं क्रमाने लिहितो. तिलाही वाचून दाखव.

आमच्याकडे प्रत्येकाला एक घडीचं हत्यार मिळतं. पक्कड, सुरी, करवत, दोन-तीन स्क्रू-ड्रायव्हर, सगळं एका मुठीत मिटून बसतं आणि कमरेच्या पट्ट्याला लटकतं. हेलिकॉप्टरच्या शेडमध्ये त्याला आम्ही हरकाम्या म्हणतो. पण नावावर जाऊ नये. पेटी उघडा, दोरी कापा, तंबूची खुंटी उपटा, त्याला ना नाही. स्फोटकांना, चालू विजेला आणि उडणाऱ्या यंत्राला मात्र तो लावायचा नाही, असा सक्त हुकूम आहे. त्या कामांची हत्यारं वेगळी. शेडच्या दारावर लाल अक्षरांत ती पाटी आहे. मीच रंगवून घेतली, तू तेव्हा तिसरीत होतीस.

हेलिकॉप्टरच्या शेपटीला छोटा पंखा असतो, त्याचे नट थरथरीने सुटू नयेत म्हणून एका नटातून दुसऱ्यात बारीक पोलादी तार ओवून तिला पीळ देतात. त्यासाठी पिळाची पक्कड असते. तिचे जबडे गुळगुळीत, ती तारेला ओरखडा पाडत नाही. हरकाम्याच्या जबड्याला दात असतात. दात बसला की तारेला खाच पडते, आणि खाच पडलेली तार पन्नास-साठ तास उडाली की तुटते.

नोव्हेंबरात ती तार तुझ्या नवऱ्याने बांधली. कामाच्या कार्डावर त्याची सही आहे. तिच्याखाली माझा शिक्का आहे: ‘तपासले. दोष नाही.’ जानेवारीत तार हवेत तुटली, नट सुटला, यंत्र गरगरत माळावर आदळलं. वैमानिक हुशार म्हणून चार जीव वाचले, पण मागे बसलेल्या इंजिनिअरचा पाय दोन ठिकाणी मोडला. तुटकी तार मी हातात घेतली, भिंग लावलं. खाच होती. हरकाम्याच्या दाताची. मी तसं लिहून दिलं. दुसरं काय लिहायचं होतं? जावई आहे म्हणून आंधळा होऊ? उलट त्याने माझ्या डोळ्यांत धूळ फेकली, माझ्या शिक्क्याखाली आपला आळस लपवला, हे मला जास्त लागलंय.

३० तारखेला चौकशी समिती बसेल. तोवर त्याला हत्यारांना हात लावायची बंदी आहे, मागच्या आवारात पिंपं रंगवतोय. दोष ठरला तर गणवेश उतरणार, हे मलाही कळतं गं. पण तो बोलत का नाही? केलं म्हणत नाही, नाही केलं म्हणत नाही. मूग गिळून बसलाय. एवढा गप्प माणूस दिसला की कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तीस वर्षांच्या नोकरीत शिकलोय.

तुझी आई बरी आहे.

बाबा


९ मार्च

चि. ठकूस,

उत्तर नाही. पोस्टात जाऊन विचारलं, पत्र परवाच पोचलंय. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प आहेस. तिकडे तू, इकडे तो. छान चाललीय दोघांची आळीमिळी गुपचिळी.

आणि तुझी आई तिसरी. रोज दुपारी स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडते. एक पातेलं धुवायला वीस मिनिटं नळ लागतो का? काल मी मुद्दाम मध्येच आत गेलो. तिने फोन डब्यांच्या मागे सरकवला. ‘कोण होतं?’ म्हटलं, तर म्हणते, ‘राँग नंबर.’ वीस मिनिटांचा राँग नंबर! तिला म्हटलं, त्या राँग नंबरला सांग, बापाला दोन ओळी लिहिल्या तर हात झडणार नाहीत. तिने नळ आणखी मोठा केला.

आज मी शेडच्या स्टोअरात गेलो होतो. तू लहानपणी आली आहेस तिथे. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली आहे, आकृतीवर खिळा. हत्यार नेताना तिथे आपला पितळी बिल्ला अडकवायचा, परत आणलं की काढून घ्यायचा. संध्याकाळी भिंतीवर एक जरी बिल्ला दिसला तरी यंत्र हलत नाही. पद्धत माझीच, आणि चांगली आहे. फक्त एकच खोट आहे, ती मला आज कळली. बिल्ला काढून घेतला की मागे काही उरत नाही. स्टोअरवाल्याला विचारलं, सतरा नोव्हेंबरला पिळाच्या पक्कडीच्या खिळ्यावर कोणाचा बिल्ला होता? तो म्हणाला, ‘साहेब, मला काल काय जेवलो ते आठवत नाही.’ आणि हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? तो आणि तुझा नवरा एकाच बसने येतात, हेही मी लिहून ठेवलंय.

येताना मागच्या आवारातून आलो. तुझा नवरा पिंप रंगवत होता, कोपरापर्यंत हिरवा झालेला. मला पाहून उभा राहिला. ‘साहेब’ म्हणाला. घरातल्यासारखं ‘बाबा’ म्हणायचं त्याने शेडमध्ये कधीच केलं नाही, तेवढी शिस्त आहे त्याला. पण त्याच्या पायाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, आणि मी जवळ जाताच त्याने पायाने झाकण लोटलं. बिस्किटं असती तर कोणी असं लपवतं का? त्यात काय आहे ते तुला ठाऊक असणार. बोल.

बाबा


१४ मार्च

चि. ठकूस,

सापडलं!

प्रयोगशाळेचा अहवाल आला. तारेचा फोटो हाताच्या पंजाएवढा मोठा करून पाठवलाय. भिंगातून मला नुसती खाच दिसली होती, यात दातांची पूर्ण रांग दिसते. तीन खुणा, मग एक जागा रिकामी, मग दोन खुणा. म्हणजे ज्या हरकाम्याने ती तार धरली त्याच्या जबड्यातला चौथा दात नाहीये. अहवालात आणखी एक आहे. तारेचा पीळ जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा आहे, फक्त टोकाला पाऊण वेढा जास्तीचा, वेडावाकडा. म्हणजे तुझ्या नवऱ्याने सुरुवात पिळाच्या पक्कडीने केली आणि शेवटी कंटाळा करून पट्ट्याचा हरकाम्या काढला. असंच ना?

आता तुझ्या नवऱ्याला बोलावं लागेल. खरं म्हणजे बोलायचीही गरज नाही, दातच बोलतील. उद्या सकाळी हजेरीला मी सगळ्यांचे हरकामे तपासायला घेणार आहे. कोणाला आधी सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही, नाहीतर नळ सुटेल.

ठकू, तुला वाटत असेल बाप आनंदाने नाचतोय. तसं नाही गं. तुझ्या लग्नाला मी त्याला हरप्रकारे पारखून घेतलं होतं. त्याच्या जुन्या अधिकाऱ्याला भेटून आलो होतो, त्याच्या घराच्या आसपास दोन दिवस फिरलो होतो, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. एकही डाग सापडला नाही. मला तेव्हाच चुकल्यासारखं वाटलं होतं. असा माणूस असतो का?

बाबा


१९ मार्च

चि. ठकूस,

चार दिवस मी दातांचा डॉक्टर झालोय. हजेरीला रांग लावायची, एकेकाने हरकाम्या उघडून समोर धरायचा, मी भिंग घेऊन जबड्यात बघायचं. पोरं खो-खो हसतात. कोणीतरी मागून ‘आ करा’ म्हणालं, ते कोण ते मला ठाऊक आहे.

पहिल्याच दिवशी तुझ्या नवऱ्याचा पाहिला. सगळे दात शाबूत. मी दोनदा पाहिला, उजेडात नेऊन पाहिला. मग वाटलं, बदलला असेल. स्टोअरात जाऊन बघितलं, त्याने कधी बदलून घेतलेला नाही. मुठीवरचा नंबर तोच, सातवा. मग वाटलं, कोणाचा तरी मागून घेतला असेल. म्हणून बाकीच्यांचे बघत गेलो. रंगाऱ्याचा, वेल्डरचा, स्टोअरवाल्याचा, सुट्टीवर गेलेल्या तिघांचे कपाटं उघडून. स्टोअरवाल्याचा एक दात झिजलेला निघाला, पण तो दुसरा होता, चौथा नव्हता. आज संपले. एक्केचाळीस हरकामे पाहिले. चौथा दात गेलेला एकही नाही.

मग गेला कुठे तो? कोणीतरी तो नदीत फेकला असणार आणि दुसरा कुठून तरी पैदा केला असणार. आज दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा हेच बडबडत होतो. तुझी आई वाढत होती. ऐकता ऐकता तिने विचारलं, ‘शेडमध्ये तुम्ही किती जण आहात?’

‘बेचाळीस,’ मी म्हटलं.

‘मग बेचाळिसावा कोणाचा राहिला?’

‘कोणाचा नाही. माझा धरून बेचाळीस.’

ती हातातला चमचा तसाच धरून माझ्या पट्ट्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, ‘अगं, मी तपासनीस आहे. माझा कोण तपासणार?’ ती तरी बघतच होती. एकोणीस वर्षांपूर्वी मी तिच्याकडे तसाच बघायचो बहुतेक.

मी पानावरून उठलो. बायकांना या कामातलं काय कळतं?

बाबा


२१ मार्च

चि. ठकूस,

विशेष काही नाही. हवा कोरडी आहे. तुझी आई बोलत नाही माझ्याशी, पण जेवायला वाढते. नळ हल्ली सोडत नाही, उघड उघड फोन करते. मी बाहेर जाऊन बसतो.

चौकशी ३० लाच आहे. शेडमधली कामं रोजच्यासारखी चालू आहेत.

बाबा


२५ मार्च

ठकू,

तुझं कार्ड आज मिळालं. एवढ्या दिवसांत चार शब्द: ‘बाबा, त्याला विचारलंत का?’ मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून. सवय.

नाही विचारलं. कामाचं कार्ड विचारलं, बिल्ला विचारला, तार विचारली, एक्केचाळीस हरकाम्यांचे दात विचारले. त्याला नाही विचारलं. आणि आता विचारायला तोंड नाही. का, ते सांगतो. हे पत्र नणंदेला वाचून दाखवू नकोस. नाही, दाखव.

१९ तारखेला जेवणावरून उठलो तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. हरकाम्या काढला, उघडला. तीन दात, रिकामी जागा, दोन दात. ती रिकामी जागा मी एकोणीस वर्षं रोज बघतोय. तू दाराशी उभी राहून बोललीस ती तिच्याबद्दलच, मी ते डायरीत लिहून ठेवलं, तुला पत्रात लिहून पाठवलं. फोटो हातात आला तेव्हाही मला काही वाटलं नाही. मी चोर शोधत होतो ना, आणि मी चोर असणं शक्यच नव्हतं.

तरी मन मानेना. तार माझ्या हरकाम्यात आली कशी? मग डायरी काढली. सतरा नोव्हेंबरला माझ्याच अक्षरात आहे: ‘शेपटीचा पंखा. तारेचं टोक बोटाला लागलं. रक्त. शिक्का दिला.’ वाचलं आणि सगळं डोळ्यांसमोर आलं. तारेचं शेपूट आत वळवायचं असतं, तुझ्या नवऱ्याने ते केसभर बाहेर ठेवलं होतं. बोटाला लागलं, मी चिडलो, आणि हात आपसूक पट्ट्याकडे गेला. टोक धरलं, आत दाबलं, जाता जाता पाऊण वेढा जास्तीचा दिला. बोट चोखत शिक्का मारला. नियमाने मी काम नापास करून परत द्यायचं, त्याने पिळाची पक्कड आणून पुन्हा बांधायचं. अर्धा तास गेला असता. जो तपासतो त्याने हात लावायचा नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. पण असं टोक दाबणं मी शेकडो वेळा केलंय गं. त्याला हत्यार वापरणं म्हणतात असं मला कधी वाटलंच नाही.

तुझी आई म्हणाली, ‘त्या दिवशी बोटाला पट्टी मीच बांधली होती.’ तिला पहिल्यापासून संशय होता का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘मला तुमच्यासारखं येत नाही हो ते.’

आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट. २० तारखेला मी स्टोअरात गेलो आणि म्हटलं, माझा हरकाम्या झिजलाय, बदलून दे. जुना गेला की तो भट्टीत जातो, वितळतो, संपलं. स्टोअरवाल्याने अर्ज भरला. त्यात एक रकाना असतो, ‘दोष प्रत्यक्ष पाहिला’. तो तिथे सही करायला लागला. मी म्हटलं, ‘उघडून बघ तरी.’ तो म्हणाला, ‘तुमचं काय बघायचं साहेब?’

ज्याचे दात मी चार दिवसांपूर्वी रांगेत उभं करून भिंगाने बघितले, तो माणूस! मी हरकाम्या त्याच्या हातातून काढून घेतला आणि निघालो. तो मागून ‘काय झालं, काय झालं’ करत होता. तुला २१ ला ‘विशेष काही नाही’ लिहिलं ते त्यानंतर.

पाच दिवस मी हत्यार खिशात घेऊन फिरतोय. त्या इंजिनिअरचा पाय माझ्यामुळे मोडला. चार माणसं मेली असती. सात महिन्यांनी माझी निवृत्ती आहे, शेडच्या भिंतीवर माझा फोटो लागायचा आहे. आणि मनात अजून कोणीतरी कुजबुजतंय की गप्प राहा, कोणीही बघितलेलं नाही. तुझ्यापासून लपवून काय करू, मी ते कुजबुजणं ऐकतो.

एक गोष्ट मात्र आता लख्ख कळली. तुझा नवरा गप्प का, ते. त्याने मला टोक दाबताना पाहिलं असणार. बायकोचा बाप म्हणून त्याने सगळं आपल्या अंगावर घेतलंय. उद्या जातो त्याच्याकडे.

बाबा


२७ मार्च

ठकू,

काल गेलो. तो पिंपाच्या सावलीत बसून डबा खात होता. बिस्किटांचा डबा शेजारी. मी जमिनीवरच बसलो, त्यामुळे तो घाबरून उठायला लागला. त्याला धरून बसवलं आणि विचारलं, ‘तू बघितलं होतंस ना?’

‘काय साहेब?’

‘मला. सतरा नोव्हेंबरला. तारेला हरकाम्या लावताना.’

तो माझ्याकडे असा बघत राहिला की माझी खात्रीच पटली, याने काहीही पाहिलेलं नाही. तो तेव्हा शिडी परत करायला गेला होता. मग मी विचारलं, ‘तर मग इतके दिवस गप्प का बसलास? नाही केलं म्हणून सांगायचंस!’

तो बराच वेळ हाताचा हिरवा रंग खरवडत होता. मग म्हणाला, ‘मला आठवत होतं की मी पिळाची पक्कडच घेतली होती. पण तुम्ही लिहून दिलंत की हरकाम्या लागलाय. तुमची नजर चुकलेली मी कधी बघितली नाही. म्हणून वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल आणि मी विसरलो असेन. केलं नाही म्हणावं तर तुम्हाला खोटं पाडल्यासारखं, केलं म्हणावं तर आठवत नाही.’

आणि त्याने डबा उघडला. आत तारा होत्या. पिळलेल्या, बोटभर लांबीच्या, दोन-तीनशे असतील. रोज जेवणाच्या सुट्टीत हा माणूस भंगारातल्या तारेला हाताने पीळ देत बसायचा. आपला हात कुठे चुकतो, ते शोधायला. ‘अजून सापडलं नाही,’ असं मलाच सांगत होता, माफी मागितल्यासारखं.

ठकू, मी त्याला आधी चोर समजलो, मग साधू समजलो. तो यातला काहीच नव्हता. त्याचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच. माझ्या शब्दाखातर तो स्वतःवर संशय घेत बसला होता. मला हे सुचलंच नव्हतं. मी तिथे पिंपाच्या बाजूला बसून रडलो, लपवत नाही. त्याने मला पाणी दिलं. माझ्या शर्टाच्या बाहीला हिरवा रंग लागलाय, तुझी आई म्हणते आता निघणार नाही.

बाबा


३० मार्च

चि. ठकूस,

झालं.

समितीत तिघं होते, प्रमुख बाई कडक पण सरळ. त्यांनी जावयाला पहिल्यांदा बोलवायचं ठरवलं होतं. मी आधी आत गेलो आणि हरकाम्या टेबलावर ठेवला. कोरी तार मागितली, त्यांच्यासमोर जबड्यात धरून पाऊण वेढा दिला आणि फोटोशेजारी ठेवली. तीन, रिकामी, दोन. बाईंनी भिंगातून बघितलं, दुसऱ्या दोघांनी बघितलं. मग बाई म्हणाल्या, ‘दारावरची पाटी कोणी लावलीय?’ मी म्हटलं, ‘मीच.’

शिक्का तिथेच काढून घेतला. माझं पुढे काय करायचं ते महिन्याभरात ठरेल, निवृत्तीपर्यंत काही थांबत नाहीत बहुतेक. भिंतीवरचा फोटो गेला. त्या इंजिनिअरला भेटायला उद्या जाणार आहे, तो दारातून हाकलून देईल कदाचित, त्याचा हक्क आहे. जावई सोमवारपासून पुन्हा हत्यारांवर. तू उंबऱ्याची अट घातली होतीस ती त्याच्या नोकरीवर. नोकरी माझी जाणार आहे, तेव्हा अट लागू होत नाही. नीट वाचून बघ, डायरीत तुझेच शब्द आहेत.

हरकाम्या पुरावा म्हणून जमा केला. त्याबरोबर एक अर्ज भरावा लागतो, त्यात विचारलं होतं: हत्यारातला दोष केव्हा व कसा आला? मी लिहिलं: ‘मुलीने, वय नऊ, सायकलची चेन बसवताना. मुलीचा दोष नाही.’ घरी येऊन तुझ्या आईला ते सांगितलं आणि त्या सहा महिन्यांबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, ‘एकोणीस वर्षांचं व्याज कोण देणार?’ आणि हसली. किती दिवसांनी हसली ती.

समितीसमोरून बाहेर आलो तेव्हा शेडबाहेरच्या बाकावर जावई बसला होता. मला बघून उठला आणि शेडच्या दारातच, सगळ्यांसमोर, ‘बाबा’ म्हणाला. शिस्त मोडली त्याने.

उद्या सकाळच्या गाडीने तो तुला न्यायला येतोय. हे पत्र त्याच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही, झाकणावर सही नाही. वाटेत त्याने वाचलं तर वाचू दे, नाही वाचलं तरी मी विचारणार नाही.

शिक्का आता माझ्याकडे नाही, म्हणून पेनानेच लिहितो. तुझा नवरा: न तपासता. दोष नाही.

तुझा
बाबा